तीन महिने पॉज

दादाचा गेम तीन महिने पॉजवर होता. पडद्यावर अंतराळयान, त्यात शेवटचा राक्षस आणि समोर तलवार उपसून उभा असलेला दादाचा सैनिक. सगळ्यात अवघड पातळीवर गेम सेव्ह होत नाही. बंद पडला की सगळं पुसलं जातं. "हात लावू नकोस, दोन दिवसांत येऊन याला लोळवतो," असं मला बजावून तो हॉस्पिटलमध्ये गेला, तो गेलाच. आज दुरुस्तीसाठी बारा वाजता वीज जाणार होती. पावणेबाराला आईने कंट्रोलर माझ्या हातात ठेवला. "खेळ." "आई, मला सोपी पातळीसुद्धा जमत नाही. क्षणात मरेल तो." "मरू दे. तिथे त्याचं श्वासाचं मशीन बंद करायच्या कागदावर मीच सही केली. या वेळी तसं नको. लढता लढता जाऊ दे त्याला." तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मी पॉज काढला.