पायडलवरचे ठोकळे

नातीला पायडलची मोटार घ्यायची ठरली, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, “आम्ही बघतो, तुम्हाला त्यातलं काय कळतंय.” त्यांनी आणलेली लाल मोटार ऐटबाज होती, पण पोरीचे पाय पायडलला पुरेनात. मला आतून गुदगुल्या झाल्या.

मग मीच पायडलवर लाकडी ठोकळे स्क्रूने बसवले, पाठीशी उशी बांधली. मोटार त्यांची असली, तरी आता चालणार होती माझ्यामुळे.

पोर घरभर सुसाट फिरू लागली. आज दुपारी मात्र ती सीटवर मांडी घालून बसली होती. मोटार चालत होती, आणि ठोकळे आळीपाळीने खाली दबत होते.

“कोण चालवतंय गं?”

“आजी.”

“त्या आजी? लाल मोटारवाल्या?”

“नाही. ही माझी आजी.”

अंगावर काटा यायच्या आधी, खरं सांगते, माझा जळफळाट झाला.

“उतर बघू सोने. तुझी आजी मी आहे.”

मोटार थांबली. नातीने मान कलती करून काहीतरी ऐकून घेतलं. मग मला नखशिखांत न्याहाळलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, “मला नाही माहीत, कोण आहेत त्या.”