मंगळवारचे फोटो

"लिही," हौसराव आप्पांनी कोरा कागद शाकीरच्या पुढ्यात आपटला. "मंगळवारी माझी लाईन बंद हुती, भोंगा वाजला न्हाई, त्याला जबाबदार मी. खाली सही कर."

शाकीर यवतहून इंटरनेटची लाईन बघायला आला होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत आल्यापासून त्याला कोणी बस म्हणालं नव्हतं. दारात पंधरा-वीस माणसं उभी होती. वडगाव रासाई तीन दिवस नुसतं धुमसत होतं. राग काढायला कोणीतरी लागतंच, आणि तो बाहेरगावचा असला की काम फारच सोपं होतं.

उसाच्या कडेच्या रस्त्यावर खांबाला कॅमेरा होता. काहीही हललं की तो फोटो काढायचा, फोटो लाईनवरून पंचायतीच्या कॉम्प्युटरवर यायचा, आणि त्यात बिबट्या दिसला की गावात भोंगा वाजायचा. मंगळवारी संध्याकाळी तो वाजलाच नाही. उसाला पाणी द्यायला निघालेला हनुमंत रस्त्यालगतच्या पाण्याच्या चारीत डोकं फुटून पडला. आप्पांनीच त्याला जीपमध्ये घालून दौंडच्या दवाखान्यात पोचवलं. तो अजून शुद्धीवर आला नव्हता.

जीपच्या सीटवर रक्त सांडलं म्हणून ती तेव्हापासून दौंडलाच गॅरेजमध्ये होती. निवडणूक हरून सहा वर्षं झाली तरी तिच्या नाकावर 'माजी सरपंच' अशी लाल पाटी मिरवणारे आप्पा तीन दिवस नातवाच्या स्कूटीवर मागं बसून फिरत होते. एरवी गाव पोट धरून हसलं असतं. या वेळी कोणी हसलं नाही.

"म्या ह्या डोळ्यांनी बघितलं," आप्पा गरजले. "बिबट्या उसातनं निघाला, हणमंता पळाला आन् चारीत कोसळला. भोंगा वाजला असता तर पोरगं आज घरी असतं!"

"आप्पा, लाईन चांगली हाय." शाकीरनं वायर स्वतःच्या लॅपटॉपला लावून दाखवली. स्पीड नव्वद. तीच वायर पंचायतीच्या कॉम्प्युटरला लावली. स्पीड दीडच्याही खाली.

"झालं! दीड!" दारातून कोणीतरी ओरडलं. नव्वदचा आकडा मात्र एकालाही दिसला नव्हता.

सही केली की नोकरी तर जाणारच होती, वर पोलीस घरी येणार होते. आणि काय म्हणून? कशाबद्दल?

"बघू द्या त्याला आधी." भिंतीला टेकून बसलेली झुंबरबाई बोलली. हनुमंताची आई. "सही कुठं पळती? माझ्या लेकाच्या मागं काय लागलं हुतं, ते मला बघायचंय."

आप्पा नाइलाजानं खुर्चीत बसले.

शाकीरनं कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. कॅमेरा बघायचा प्रोग्राम एकदा नाही, एकेचाळीस वेळा उघडलेला होता. मेमरीत कणभर जागा उरली नव्हती.

"उघडायला वेळ लागला की परत परत दाबतात," ऑपरेटर मोनाली हळूच म्हणाली. "सगळेच. आप्पा तर रोज सकाळी येऊन बसतात. आणि हे मशीन बंद करायचं नाही अशी ऑर्डर आहे."

"म्हंजी लाईनच खराब ना?" दारातला तोच आवाज.

"अवो, कारखान्याचं यार्ड भरलं की उसाच्या गाड्या रस्त्यावर थांबत्यात. तवा रस्ता खराब असतो का?" शाकीरचा आवाज चढला. "ह्या मशीनला आलेला माल उतरवायला जागाच न्हाई. म्हणून ते कॅमेऱ्याला सांगतंय, हळू पाठव, थांब. मंगळवारी दुपारी तर पार थांबलंय."

"मला शाळा शिकवतो?" आप्पा उठलेच. "भंगार हाय सगळं. आधी तो कॅमेरा उतरवा खांबावरनं. तोडा वायर!"

"तोडा!" दारातून दोघंतिघं म्हणाले.

"पाच मिनिटं द्या. मंग मलाबी तोडा," शाकीर म्हणाला आणि एकेक प्रोग्राम बंद करत सुटला. चाळीस. तीस. बारा. एक.

स्पीड नव्वदवर गेला. भिंतीवरच्या टीव्हीवर पहिला फोटो उमटला. मंगळवार, दुपारी तीन.

"आलं की!" मोनाली ओरडली.

"येणारच. कॅमेऱ्यात साठलेलं हरवत न्हाई. जिथं थांबलं, तिथनं रांगेनं येतंय." खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी शाकीरकडं माणूस म्हणून बघत होतं.

"बंद कर आता," आप्पा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "लेकराला बिबट्या गाठताना आईनं बघायचं? बाईला सोसायचं न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. आप्पांना काळजी होती ती अशी.

"सोसंल मला," झुंबरबाई उठून टीव्हीपुढं येऊन उभी राहिली. "चालू ठेव, बाबा."

फोटो भराभर सरकू लागले. एक कुत्रं. उसाची ट्रॉली. बगळे. मग अंधार आणि रिकामा रस्ता. सात वाजून नऊ मिनिटं, हातात बॅटरी घेऊन रस्त्याच्या अगदी कडेनं निघालेला हनुमंत. झुंबरबाईनं काचेवर बोट ठेवलं. उसात काही हलत नव्हतं. हनुमंताच्या पाठीमागं दोन दिवे होते.

सात वाजून दहा मिनिटं. दिवे हनुमंताला टेकले होते आणि त्यांच्या मधोमध 'माजी सरपंच' ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

सात वाजून अकरा मिनिटं. हनुमंत चारीत पडला होता, आणि जीपमधून उतरलेले आप्पा त्याच्याकडं नाही, मागं वळून रस्त्याकडं बघत होते, कोणी येतंय का.