जोडवी

"सीटी स्कॅनमध्ये दातांत भरलेल्या चांदीमुळे जीभ पुसट दिसेल. एमआरआयमध्ये मुळापर्यंत कळेल," हौसाची दुखरी जीभ तपासून डॉक्टर म्हणाले. "पण अंगावरचा सगळा धातू काढावा लागेल."

हौसाची जोडवी तीस वर्षांत बोटांत रुतली होती. कापावीच लागली असती. "तुम्ही धडधाकट असताना जोडवी कापू होय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

निवृत्ती मनातून सुखावला. म्हणाला, "राहू दे. सीटीच करू."

सीटीत काही दिसलं नाही. सात महिन्यांनी जिभेच्या मुळाशी गाठ सापडली, तेव्हा उपचारांची वेळ गेली होती.

हौसाला शेवटची आंघोळ घालताना जोडवी वाळक्या बोटांतून आपसूक गळाली. "सवाष्ण गेलीय, परत घाल," निवृत्तीची बहीण म्हणाली. त्यानं घातली. ती पुन्हा निसटली. शेवटी दोऱ्यानं बांधावी लागली.