रुग्णाचं नाव

लोटूच्या पत्राला पुष्पाबाईंनी उत्तर दिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी मस्कतहून आलेलं नवऱ्याचं पत्र, आणि त्यात कुणाची विचारपूस नव्हतीच. फुप्फुसं गेली आहेत, जिच्याबरोबर संसार केला ती इकडची बाई आता ठेवून घेत नाही, म्हणून घरी येतो आहे, एवढंच. आधी ऑक्सिजनचं मशीन येईल. कुरिअरची एजन्सी इथल्या दारातून उचलून लिंबायतला आपल्या दारात आणून ठेवेल, फक्त तुझी सही लागेल. शेवटी लिहिलं होतं, 'विजेच्या बोर्डाजवळची खाट माझ्यासाठी मोकळी कर. आबांना दाराबाहेरच्या ओट्यावर टाक. त्यांना कुठंही झोप लागते.'

आबा म्हणजे लोटूचे वडील, निंबा. कापडाच्या लूमवर, सुताच्या धुळीत जन्म गेला. आता आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून ते रात्रभर भिंतीला टेकून बसतात.

आज एजन्सीची मयुरी स्वतःच घरी आली.

"मावशी, किती निरोप धाडले तुम्हाला! मशीन तिकडे पॅक होऊन पडलंय. तुमची सही झाली की निघालंच समजा."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही निघणार. पाठवणारा कितीही पाठवो, इकडे घेणारा नको का?"

पुष्पाबाई तांदूळ निवडत राहिल्या.

"आणि अजून एक," मयुरी म्हणाली. "ज्याला मशीन लावायचं, त्याच्या नावाची इथल्या डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे. नाहीतर कस्टमवाले सोडत नाहीत. तुमचे मिस्टर म्हणतात, आल्यावर काढू. तसं कसं चालेल? मशीन आधी येणार, माणूस मागून."

पुष्पाबाईंचा हात थांबला.

"पेशंटच्या नावाची?"

"हो. त्याच नावावर मशीन सुटणार."

"पेशंट या घरातला असला की झालं?"

"झालं."

त्या उठल्या. पेटीतून दवाखान्याची चिठ्ठी काढून त्यांनी मयुरीच्या हातात दिली. घरी ऑक्सिजन लावावा, असं मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मशीन परवडणारं नव्हतं, म्हणून चिठ्ठी पेटीत राहिली होती.

मयुरीनं वाचली. "हे तर तुमचे सासरे."

"ते पेशंट नाहीत का?"

आत आबा गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्यांच्या छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. मयुरीनं ती थोडा वेळ ऐकली.

"पण मावशी, मशीन तुमच्या मिस्टरांचं आहे. आल्यावर भांडतील ना ते."

"बापाशी भांडतील. त्यात माझं काय?"

मयुरीला हसू आलं. तिनं तोंडावर हात ठेवला, मग फॉर्मवर आबांचं नाव लिहिलं आणि पेन पुष्पाबाईंपुढे केलं. त्यांनी सावकाश, अक्षर न् अक्षर जुळवत सही केली.

मशीन आलं तेव्हा लाकडी खोका दारातून आत शिरेना. शेजारच्या रामदासनं फळ्या उचकटल्या. परदेशी प्लगच्या चौकोनी पिना बोर्डात बसेनात, तेव्हा त्यानं वायर कापून इथला प्लग जोडला.

"आबा, आता मस्कतची हवा खा," तो म्हणाला. "इथली तुम्हाला मानवली नाही."

बटण दाबलं. मशीन घुरघुरायला लागलं. पुष्पाबाईंनी नळी आबांच्या नाकाला लावली, कानांमागून नीट वळवून घेतली.

"कोनी धाडं?" आबांनी विचारलं.

"लोटूनं."

"मन्हासाठे?"

पुष्पाबाईंनी उशी सारखी केली. "हो आबा. तुमच्यासाठी."

आबांनी मशीनवर तळवा ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ काढला नाही. दुपारनंतर ते दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून सांगू लागले, "मन्हा आंडोरनी धाडं! माझ्या मुलानं!" मध्ये दम घ्यायला न थांबता. संध्याकाळी ते खाटेवर आडवे झाले आणि चक्क घोरले.

पुष्पाबाईंना बरं वाटलं. आबांमुळे वाटलं की लोटूमुळे, याचा त्यांनी विचार केला नाही.

सकाळी त्या कागद घेऊन बसल्या.

'मशीन पोचलं. आबांना लावलं आहे. तुम्ही त्यांच्यासाठीच पाठवलं, असं ते सगळ्या गल्लीला सांगतात. मी त्यांना खोटं पाडलेलं नाही. तुम्ही जरूर या. बोर्डाजवळच्या खाटेवर आबा झोपलेले असतील. नळी तुमच्या हातानं त्यांच्या नाकातून काढा आणि आपल्या नाकाला लावा. मी अडवणार नाही. गल्लीतली माणसंही बघायला येतील.'

खाली सही करायचं त्यांच्या मनात होतं, पण केली नाही.

पोस्टात गुजराती कारकुनानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"मासी, मोकलनारनुं नाम? पाठवणाऱ्याचं नाव राहिलं."

पुष्पाबाईंनी खिडकीतलं दोरीला बांधलेलं पेन ओढून घेतलं. आपलं नाव बघितलं तर लोटू पाकीट दोन दिवस फोडायचा नाही. त्यांनी आबांचं नाव लिहिलं.

कारकुनानं शिक्का मारला आणि पाकीट परदेशच्या थैलीत टाकलं.