पेटीची किल्ली

“पेटी उघडा, पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवा,” विमानतळावरची काउंटरवाली म्हणाली. बाबांनी ऐटीत पेटी पुढे सरकवली. लेकीच्या पहिल्या मोठ्या नेमबाजीच्या स्पर्धेचं सामान त्यांनी स्वतः भरलं होतं: गोळ्या वेगळ्या डब्यात, पिस्तुलाच्या पेटीला बाजारातलं सगळ्यात दणकट कुलूप. उभा जन्म शस्त्रागाराच्या पहाऱ्यावर गेलेला माणूस तो! “बाबा, किल्ली?” लेकीने हात पुढे केला. खिशाकडे निघालेला बाबांचा हात अर्ध्यावरच थिजला. हत्यार नेणाऱ्याकडे किल्ली द्यायची नाही, हा पहाऱ्याचा नियम. घरातून निघताना सवयीने त्यांनी ती बायकोच्या हातात ठेवली होती. घर दोन तासांवर, काउंटर दहा मिनिटांत बंद. “कुलूप फोडा!” “ते इथे चालत नाही, काका.” तेवढ्यात बायकोचा फोन आला. “किल्ली कपाटात जपून ठेवलीये हं, निर्धास्त राहा.” लेकीकडे बघवेना. “बरं केलंस,” बाबा म्हणाले.