वाईट बातमी, दहा मार्कांची

"चूक. परत," डॉक्टरसर म्हणाले. "उभ्या उभ्या सांगतात का असलं काही? आधी बस. डोळ्यांत बघ. मग सांग."

लंबू मुकाट्याने टेलरकाकांसमोर स्टुलावर बसला. मेडिकल कॉलेजने चार-चार पोरांना एकेक घर वाटून दिलं होतं. वर्षभर जायचं, माणसं ओळखायची, फॅमिली डॉक्टर व्हायला शिकायचं. ह्या चौघांच्या वाट्याला काकांचं घर आलं होतं. काल काकांचा रिपोर्ट आला आणि आज प्रॅक्टिकल: पेशंटला वाईट बातमी सांगणे, मार्क दहा.

"काका, रिपोर्ट चांगला नाहीये. पोटातली गाठ कॅन्सरची आहे. लिव्हरपर्यंत गेलीये."

काकांनी मान हलवली. पाच मिनिटांपूर्वी हेच ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातली कात्री खाली पडली होती. कुणीतरी ती उचलून शिलाई मशीनवर ठेवली होती.

"सहा," सर म्हणाले. "पुढची. आणि काका, पहिल्यांदाच ऐकताय असं करा हं. नाहीतर ह्यांना कळणार कसं, माणूस कसा हादरतो ते?"

"बरं," काका म्हणाले. सरांना नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

चष्मेवालीने त्यांचा हात हातात घेतला आणि तिचेच डोळे भरून आले.

"रडायचं नाही!" सरांनी टिचकी वाजवली. "तू रडलीस की तुला सांभाळायचं काम पेशंटवर. चार. परत सांग."

तिने परत सांगितलं आणि मध्येच अडखळली.

"लिव्हरपर्यंत," काकांनी हळूच सांगितलं.

ढोल्याने मात्र कमाल केली. त्याने किती दिवस उरलेत तेही सांगून टाकलं. "तीन महिने. फार तर चार." सर खूश. आठ मार्क.

एवढ्यात काकू भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. "अगंबाई, सगळी गँग हजर! पाणी तरी विचारलंत का ह्यांना?"

"पाणी राहू दे, काकू. बसा इथे." सर चौघांतल्या शेवटच्या, छोटीकडे वळले. "आता नातेवाईक. हे सगळ्यात अवघड. चल, लाग कामाला."

काका ताडकन उठले. "सर, हिला नको. हिला मी सांगतो."

"तुम्ही मध्ये बोलू नका हं, काका. पोरीचे मार्क जातील."

काका काकूंच्या शेजारी जाऊन बसले. "अगं, ऐक. तुला मशीन शिकावं लागणार आता. मी तीन महिनेच आहे. उद्यापासून बसू या."

"काहीतरीच काय!" काकू हसल्या. मग त्यांनी चारही पोरांचे चेहरे एकेक करून बघितले आणि त्यांचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"बघितलंत?" सर दबक्या आवाजात म्हणाले. "साधे शब्द, फापटपसारा नाही. घ्या लिहून."

चार वह्या उघडल्या. भराभरा पेनं चालू लागली.

"पण सर," छोटी कुजबुजली, "माझी पाळी राहिली ना."

सरांनी फाइल काढली आणि घरातल्या माणसांच्या यादीवरून बोट फिरवलं.

"काका," त्यांनी विचारलं, "मुलीची शाळा कितीला सुटते?"