दिलेल्या गोळ्या

लोणावळ्याच्या दवाखान्यातून विठाबाई औंढ्याला घरी परतली ती धुसफुसतच. पिशवी खुंटीला टांगली, काढली, परत टांगली. बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं.

भाताच्या खाचरात पाय घसरून पडली, तेव्हापासून तिची कमर धरलेली. गोळीनं आराम पडायचा. मग गोळी रोजचीच झाली. मुलगा बजरंग ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणायचा. आज मात्र त्यानंच तिला नव्या डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन बसवलं होतं.

"मावशी, या गोळीची सवय लागते," बाई म्हणाल्या होत्या. "एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करू. सोबत सवय न लागणारं दुसरं औषध देते. शेक घ्या, कमरेचे व्यायाम इथं शिकवतो."

"सवय दारुड्याला लागती, बाई. मला दुखतंय म्हून मी घेती."

घरी आल्यावर बजरंगनं गोळ्या स्वतःच्या खिशात ठेवल्या. रात्री एक देईन म्हणाला आणि कामावर गेला. पोटच्या पोरानं आपल्याला चोर ठरवावं, याचा तिला भयंकर राग आला. जांभयांवर जांभया येत होत्या, पाय नुसते वळवळत होते. कमरेपायीच होतंय हे सगळं, असं तिनं ठरवून टाकलं.

मग एकदम आठवलं. प्रतीक्षा! शेजारची ही सून भातकापणीला सावडीनं आली होती. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. वाकून वाकून तिची पाठ भरून आली. सावडीत बायका कोरड्यास-भाकरी वाटून खातात, तशी विठाबाईनं तिला गोळीही दिली होती. पुढं मागेल तेव्हा देत गेली. परवा तर अख्खं पाकीटच दिलं. कुणाचं दुखणं तिला बघवायचं नाही. आता दिलेलं परत मागायचं म्हणजे लाजच, पण लाजून भागणार नव्हतं.

प्रतीक्षा दारातच भेटली, चप्पल घालताना.

"मावशी, तुमच्याकडंच निघालते. एखादी गोळी हाय का?"

"आगं, ते पाकीट?"

"संपलं की."

"लय दुखतीय व्हय पाठ?"

प्रतीक्षानं मान खाली घातली. "पाठ कवाच राहिली, मावशी. आता काईबी दुखत न्हाई. पर गोळी न्हाई घेतली, तर जांभया येत्यात, पाय वळवळत्यात, निसता जीव नकोसा हुतो."

विठाबाई पायरीवर बसली. जांभया, पायांची वळवळ, हे तर तिला स्वतःलाच होत होतं. या पोरीचं आपण काय करून ठेवलं, या विचारानं तिला रडूच कोसळलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"उद्या माज्यासंगं लोणावळ्याला चल," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईला सांगू, आमा दोघींना सवय लागलीया."